भूल आणि जाग

वाशीच्या खाडीवर १९७३ सालीं पूल झाला. त्यापूर्वीं पनवेल, उरण, पेण इकडील मनुष्यास डोक्याच्या आंतलें दुखणें लागलें म्हणजे ठाण्याचा वळसा घेऊन अथवा लाँचीनें भाऊच्या धक्क्यास उतरून परळ गाठावें लागे. परळास के. ई. एम. रुग्णालय आणि त्याच्या शेजारीं टाटा स्मारक रुग्णालय, हीं दोन नांवें खेड्यापाड्यांतहि ठाऊक असत. आतां खाडीच्या अलीकडे नवी मुंबई वसली आहे. टाटा स्मारकाची संशोधनशाखा २००२ सालीं परळ सोडून खारघरच्या डोंगरापायथ्याशीं आली. नेरूळ, बेलापूर, कामोठें येथें मोठालीं रुग्णालयें उभीं राहिलीं. पोष ग्रंथीवरील गांठ नाकाच्या वाटेनें काढण्याची शस्त्रक्रिया, जिचें नांवहि एका पिढीपूर्वीं ह्या भागांत फारसें कोणाच्या कानीं पडलेलें नसे, ती आतां खाडीच्या ह्या बाजूसहि होते. रोगी सकाळीं आंत जातो, दुपार कलतां जागा होतो, आणि नाकांत बोळे असल्यामुळें तोंडानें श्वास घेत विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें देतो. नाकांतून मेंदूच्या तळापर्यंत हत्यार गेलें ह्याचेंच नातलगांना नवल वाटतें. वास्तविक तितकेंच नवल त्याच्या जागें होण्याचें आहे. तें साधावयास वैद्यांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

पोष ग्रंथि, जिला पिट्युइटरी असेंहि म्हणतात, ही वाटाण्याएवढी असून मेंदूच्या खालीं, नाकाच्या मुळाच्या मागें, हाडाच्या एका खळग्यांत बसलेली असते. खळग्याचा आकार खोगिरासारखा, म्हणून शरीरशास्त्रज्ञांनीं त्यास तुर्की खोगीर हें नांव दिलें. शरीराची वाढ, गळ्यांतील व मूत्रपिंडांवरील ग्रंथींचें काम, पाण्याचा हिशेब, स्त्रियांचा ऋतु, आईचें दूध, हा सारा कारभार ह्या वाटाण्याच्या हुकमतीनें चालतो. तिच्यांत होणारी गांठ बहुधा कर्करोगाची नसते. परंतु जागा इतकी अरुंद कीं, साधी गांठहि वर वाढली म्हणजे तेथेंच एकमेकींस ओलांडून जाणाऱ्या दृष्टीच्या शिरांवर तिचा रेटा बसतो. मनुष्यास समोरचें दिसतें, बाजूचें दिसत नाहीं. रस्त्यानें जातांना त्याचे खांदे लोकांस लागतात, शेजारून येणारी गाडी त्याच्या ध्यानांत येत नाहीं. दुसऱ्या कांहीं गांठी वाढीचा रस फाजील उत्पन्न करितात. तेव्हां चाळिशींतल्या मनुष्याची अंगठी बोटांतून निघेनाशी होते, वहाण मोठी घ्यावी लागते, जबडा पुढें येतो, जीभ जाड होते. ह्या विकारास पॅरिस येथील पिएर मारी ह्यानें १८८६ सालीं नांव दिलें व त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

जाड जीभ आणि पुढें आलेला जबडा हीं लक्षणें श्रोत्यांना केवळ कुरूपतेचीं वाटतील. भूल देणाऱ्या वैद्यास तीं धोक्याचीं वाटतात. असा रोगी साध्या झोंपेंतहि मोठ्यानें घोरतो व मधून मधून त्याचा श्वास अडतो. गुंगीचें औषध थोडें अधिक झालें तर तीच जीभ मागें पडून घसा बंद करिते. आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचें नाक तर बोळ्यांनीं भरलेलें असतें.

म्हणून ह्या शस्त्रक्रियेंत भुलीकडून परस्परविरुद्ध मागण्या केल्या जातात. काम चालूं असतां रोगी दगडासारखा निश्चल असावा, कारण हत्याराच्या दोन्ही अंगांस मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या धमन्या अगदीं लगत असतात. रक्ताचा दाब बेताचा असावा, कारण त्या विवरांत चमचाभर रक्त सांचलें तरी पुढचें दिसेनासें होतें. आणि काम संपतांच तोच रोगी जागा व्हावा. पण खोकत, धडपडत नव्हे, कारण नुकताच बुजविलेला तळ जोराच्या खोकल्यानें उघडला तर मेंदूभोंवतींचें पाणी नाकांतून ठिबकूं लागतें. बरें, तो गुंगींतच राहिला तर निराळेंच भय. आंत रक्तस्राव होऊन दृष्टीच्या शिरा दबल्या तर सांगणार कोण? निजलेला मनुष्य आपली दृष्टि जात आहे हें सांगूं शकत नाहीं. श्वास मंदावला तर तोंडावर मुखवटा दाबून हवा भरण्याचा नेहमींचा उपायहि येथें मोकळेपणीं करतां येत नाहीं, कारण ती हवा नव्यानें पाडलेल्या वाटेनें कवटींत शिरण्याचा संभव असतो.

धारच्या भोजराजाची एक कथा बल्लाळाच्या भोजप्रबंधांत आहे. राजाचें डोकें असह्य दुखूं लागलें. ब्राह्मणवेषानें आलेल्या अश्विनीकुमारांनीं त्यास मोहचूर्णानें बेशुद्ध केलें, कवटी उघडून आंतील दोष काढला, कवटी पुन्हां सांधली आणि संजीवनी देऊन राजास सावध केलें. भोज अकराव्या शतकांतला आणि ग्रंथ त्यानंतर कित्येक शतकांनीं रचलेला. तेव्हां ही इतिहासाची साक्ष नव्हे, आणि प्राचीनांना सर्व कांहीं अवगत होतें असें सिद्ध करण्यासाठीं जे लोक ती पुढें करितात त्यांनीं हें ध्यानांत ठेवलेलें बरें. परंतु कथा रचणाराची चतुराई तींत दिसून येते. त्यानें दोन औषधें मानलीं: एक निजविण्याचें, दुसरें उठविण्याचें. पश्चिमेकडे पहिलें औषध हातीं आलें तेव्हां दुसऱ्याची चिंता फारशी कोणास पडली नाहीं. औषध उतरलें म्हणजे रोगी आपोआप उठेल अशीच समजूत होती.

तें पहिलें औषध म्हणजे ईथर. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन शहरीं मॉर्टन ह्यानें तें हुंगवून शस्त्रक्रिया वेदनारहित होते हें सर्वांसमक्ष दाखविलें. २२ मार्च १८४७ रोजीं कलकत्त्यास त्याचा प्रयोग झाला. जहाजानें बातमी येण्याच्या त्या काळांत हें अंतर सहा महिन्यांचेंहि नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें, आणि हिंदुस्थानांत पुढें तेंच रूढ झालें. ह्याचें एक कारण हवामान होय. ईथर सुमारें ३५ अंशांवर उकळूं लागतें. मुंबईच्या वैशाखांत बाटलीचें बूच काढावें तों औषध हवेंत उडून जावयाचें, आणि जवळ दिवा असला तर भडका व्हावयाचा. क्लोरोफॉर्म पेट घेत नाहीं, थोडें पुरतें, वासालाहि गोड. पण त्यानें माणसें दगावत. १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचें नख काढण्यासाठीं तें दिलें असतां कांहीं मिनिटांतच मरण पावली. मरण श्वास थांबून येतें कीं हृदय थांबून, ह्यावर पुढें पन्नास वर्षें वैद्यांचें भांडण चाललें.

त्या वादाचा निकाल लावण्याचा मोठा प्रयत्न हैदराबादेस झाला, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे मुलूख तेव्हां त्याच राज्यांत मोडत असल्यामुळें मराठी मनुष्यास तो परका वाटूं नये. तेथील रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी ह्यांचें म्हणणें असें कीं, क्लोरोफॉर्मनें प्रथम श्वास थांबतो. नाडीवर बोट ठेवून बसणारा वैद्य श्वासाकडे दुर्लक्ष करून रोग्यास घालवितो. १८८८ सालीं एक चौकशी समिति बसली व तिनें त्यांचें मत उचलून धरलें. लंडनच्या लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रास तें पटेना. तेव्हां निजामानें खर्चासाठीं एक हजार पौंड देऊं केले, लॅन्सेटनें लॉडर ब्रंटन ह्या नामांकित औषधशास्त्रज्ञास धाडलें, आणि १८८९ सालीं दुसरी समिति बसली. पुष्कळ मुक्या जनावरांचे बळी पडल्यावर निकाल पुन्हां लॉरींच्याच बाजूनें लागला. लॉरींच्या शाळेंत ही विद्या शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी ह्या पारशी बाईंनीं पुढें १९१७ पर्यंत हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचेंच काम केलें. भूल देणें हाच ज्यांचा व्यवसाय झाला अशा जगांतील अगदीं पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांचें नांव महाराष्ट्रांत जितकें ठाऊक असावें तितकें नाहीं.

लॉरी मात्र अर्धेच खरे ठरले. १९११ सालीं गुडमन लेव्ही ह्यांनीं दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतां रक्तांत ॲड्रिनॅलिन शिरलें तर हृदय नुसतें थरथरूं लागून बंद पडतें. पोष ग्रंथीच्या कथेंत ह्या शोधाचें विशेष महत्त्व आहे. नाकांतून वाट काढावयाची तर आंतील त्वचा आकसावी व रक्त कमी यावें म्हणून शस्त्रवैद्य जें औषध तेथें लावतात तें बहुधा ॲड्रिनॅलिनच असतें. म्हणजे शस्त्रवैद्याचें औषध आणि भूल देणाराचें औषध ह्यांचें एकमेकांशीं वैर! हें वैर क्लोरोफॉर्मबरोबर संपलें नाहीं. १९५६ सालीं प्रचारांत आलेल्या हॅलोथेन ह्या औषधासहि तोच दोष थोडाबहुत होता.

पोष ग्रंथीस हात घालण्याचें धाडस प्रथम लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ली ह्यांनीं १८८९ सालीं केलें, पण कवटीच्या वाटेनें. नाकाच्या वाटेनें पहिली शस्त्रक्रिया ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें हर्मान श्लोफर ह्यानें १९०७ सालीं केली. त्यासाठीं बाहेरील नाक कापून एका बाजूस उलटवावें लागलें. १९१० सालीं व्हिएन्नाचा ऑस्कर हिर्श ह्यानें चेहऱ्यास धक्का न लावतां नाकपुडींतूनच वाट काढली. हिर्श हा नाक-घशाचा वैद्य. त्यानें रोग्यास निजविलें नाहीं. कोकेननें नाक बधिर करून, रोगी जागा असतांच, पहिली शस्त्रक्रिया त्यानें निरनिराळ्या दिवशीं अनेक बैठकींत पुरी केली. त्या रोग्याच्या धैर्याची कल्पना करवत नाहीं. पण त्यांत लाभ असा कीं, श्वास त्याचा तो घेत होता, दृष्टि कमीजास्त झाली तर तो तेथल्या तेथें सांगूं शकत होता. उठविण्याच्या औषधाचा प्रश्न हिर्शनें न निजवून सोडविला.

अमेरिकेंत हार्वे कुशिंग ह्यांनीं उलट मार्ग धरला. वरच्या ओठाखालून शिरून, रोग्यास पुरी भूल देऊन ते काम करीत. भुलीची धास्ती त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणा शस्त्रवैद्यास क्वचितच वाटली असेल. बोस्टनला विद्यार्थी असतांना त्यांनीं स्वतः ईथर देत असलेला एक रोगी शस्त्रक्रियेपूर्वींच दगावला होता. तें त्यांच्या मनाला इतकें लागलें कीं, विद्या सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनांत आला. सोडली नाहीं, त्याऐवजीं १८९४ च्या सुमारास आपला सहाध्यायी कॉडमन ह्याच्यासह त्यांनीं एक कागद आंखला, ज्यावर भूल चालूं असतां दर थोड्या मिनिटांनीं नाडी व श्वास लिहावयाचे. १९०१ सालीं इटलींतील पाव्हिया येथें रिव्हा-रोची ह्यांचें रक्ताचा दाब मोजण्याचें साधन त्यांनीं पाहिलें आणि तेंहि अमेरिकेस नेलें. आज खारघरला अथवा परळला शस्त्रक्रियागृहांतील पडद्यावर ज्या रेघा धांवतात त्यांचा पूर्वज तो कागद होय. एका विद्यार्थ्याच्या पश्चात्तापांतून इतकें टिकाऊ काम झाल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या इतिहासांत थोडींच सांपडतील.

१९१० ते १९२५ ह्या काळांत कुशिंगनीं नाकाच्या वाटेनें २३१ रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या व त्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ५.६ इतकें कमी राखलें. नंतर त्यांनींच ही वाट सोडली, आणि गुरूनें सोडली म्हणून जगानेंहि सोडली. एडिंबरोचे नॉर्मन डॉट ह्यांनीं ती जतन केली, त्यांच्यापासून पॅरिसचे गिओ शिकले, गिओपासून मॉन्ट्रियलचे ज्यूल हार्डी. आणि हार्डींनीं १९६० नंतर सूक्ष्मदर्शकाची जोड देऊन तिला पुन्हां प्रतिष्ठा मिळवून दिली. हल्लीं सूक्ष्मदर्शकाऐवजीं पुष्कळ ठिकाणीं दुर्बीण वापरतात.

मध्यंतरीं आणखी एक गोष्ट घडली होती, आणि भुलीच्या इतिहासांत तिची दखल पुरेशी घेतली जात नाहीं. शस्त्रक्रियेनंतर कित्येक रोगी उठतच नसत, किंवा उठून पुन्हां ग्लानींत जात. त्याचा दोष साहजिकपणें भुलीस दिला जाई. तो पुष्कळदां ग्रंथीचा असे. ज्याची पोष ग्रंथि गांठीनें चिरडली आहे त्याच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथि आणि गळ्यांतील ग्रंथि मंद पडलेल्या असतात. अशा मनुष्यास गुंगीचें साधें प्रमाणहि जड होतें, आणि शस्त्रक्रियेचा ताण सोसण्यास लागणारा रस त्याच्या अंगीं नसतो. १९४९ सालीं कॉर्टिसोन प्रचारांत आलें आणि हें चित्र पालटलें. भूल तीच, मात्रा तीच, परंतु रोगी उठूं लागले. संजीवनीचा एक भाग असा अनपेक्षित दिशेनें आला.

हिंदुस्थानांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचें स्वतंत्र खातें वेल्लोरला जेकब चांडी ह्यांनीं त्याच १९४९ सालीं उघडलें; पाठोपाठ मद्रासला बी. राममूर्ति आले, मुंबईंत राम गिंडे व के. ई. एम. मध्यें होमी दस्तूर ह्यांनीं ह्या विद्येचा पाया घातला. भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९४७ सालीं निघालेली होती. इकडील रोग्यांची तऱ्हा मात्र पाश्चात्य ग्रंथांतल्याहून वेगळी. पुष्कळजण दृष्टि बरीच गेल्यावर येतात; आधीं चष्मा बदलून पाहतात, मग मोतीबिंदु असेल म्हणून वाट पाहतात, आणि तोंवर गांठ लिंबाएवढी झालेली असते. के. ई. एम. मधील अतुल गोयल व त्यांचे सहकारी ह्यांनीं चार सेंटिमीटरांहून मोठ्या अशा ११८ गांठींच्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध केला. इतक्या मोठ्या गांठी इतक्या संख्येनें एका रुग्णालयांत याव्यात हा त्या रुग्णालयाचा लौकिक खरा, पण रोगी किती उशिरा येतात ह्याचाहि तो पुरावाच आहे. मोठी गांठ म्हणजे लांबलेली शस्त्रक्रिया, लांबलेली भूल आणि जागें होण्याची अधिक काळजी.

औषधांची परंपरा थोडक्यांत अशी. अफूपासूनचें मॉर्फिन वेदना शमवितें, पण श्वास मंद करितें आणि डोळ्याची बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी करून टाकतें. ती बाहुली पाहूनच मेंदूची परीक्षा करावयाची असते. १९३४ सालीं आलेलें थायोपेंटोन शिरेंत टोंचतांच निजवितें, परंतु पुनः पुनः दिलें तर चरबींत सांचून राहतें व रोगी तासन् तास पेंगतो. हॅलोथेननें मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात. १९८६ सालीं इंग्लंडांत प्रोपोफॉल आलें. सोयाबीनच्या तेलांत व अंड्यांतील स्निग्ध द्रव्यांत मिसळलेलें, दुधासारखें पांढरें. तें थांबवितांच लवकर उतरतें. त्याच्या शोधांत अग्रेसर असलेले जॉन ग्लेन हे मूळचे पशुवैद्य. त्यानंतरचें डेक्समेडेटोमिडीन हेंहि पशुवैद्यांच्या वापरांतील एका औषधाचेंच शुद्ध रूप. अमेरिकेंत मनुष्यासाठीं १९९९ सालीं त्यास परवानगी मिळाली.

ह्या शेवटच्या औषधाची तऱ्हा कांहीं निराळीच. मेंदूच्या देठांत जागेपणाची राखण करणारा एक निळसर ठिपका आहे, त्यास तें शांत करितें. येणारी गुंगी नैसर्गिक झोंपेच्या जवळची असते; हांक मारली तर रोगी डोळे उघडतो, सांगितलें तें करितो, आणि सोडून दिला तर पुन्हां निजतो. श्वास फारसा मंदावत नाहीं. नाकांत ॲड्रिनॅलिन लावतांना किंवा हाड फोडतांना रक्ताचा दाब जो एकदम उसळतो, तोहि तें आंवरून धरितें. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेंतील भूलतज्ज्ञांनीं नाकावाटे होणाऱ्या ह्याच शस्त्रक्रियेंत त्याचा पडताळा घेऊन २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले: जोडीस हें औषध दिलेल्या रोग्यांना इतर भूल कमी लागली, रक्त कमी गेलें, आणि ते लवकर सावध झाले. तथापि तें निर्दोष नव्हे. नाडी मंद होते, कधीं फारच मंद होते. दाब बेतापेक्षां खालीं जातो. मात्रा अधिक झाली अथवा उशिरां थांबविली तर जाग लांबते. आणि लवकर उठणें म्हणजे बरें होणें नव्हे, हा भेद नातलगांप्रमाणें कधीं कधीं वैद्यहि विसरतात. गेलेली दृष्टि परत येईल कीं नाहीं हें शिरांवर किती दिवस व किती दाब राहिला होता ह्यावर मुख्यतः ठरतें. गुंगीच्या औषधाकडून अपेक्षा एवढीच कीं, हत्यारानें मिळविलेलें त्यानें घालवूं नये.

भोजप्रबंधांतील दुसऱ्या औषधासारखीं औषधेंहि आतां आहेत. अफूच्या जातीचीं औषधें उलटविणारें नॅलोक्झोन, दुसऱ्या एका जातीचीं उलटविणारें फ्लुमाझेनिल. परंतु अनुभवी भूलतज्ज्ञ तीं निकडीवांचून वापरीत नाहीं. दचकवून उठविलेल्या मनुष्याचा दाब चढतो, वेदना एकदम उसळते, आणि जेथें नुकतें रक्त थांबविलें आहे तेथें तें पुन्हां सुटण्याचें भय असतें. निजविणारें औषधच असें निवडावें कीं तें आपण होऊन निघून जाईल, हा त्यांचा कल आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला तास परळास काय, खाडीच्या अलीकडे काय, सारखाच असतो. रोग्याचें डोकें उंच ठेवतात. परिचारिका कानाशीं वांकून नांव विचारते, गांव विचारते, आणि मग डोळ्यांपुढें बोटें धरून किती तें सांगावयास लावते. प्रथम समोर, मग एका बाजूस, मग दुसऱ्या. रात्रभर हा क्रम चालतो, आणि झोंपमोड होते म्हणून पुष्कळ रोगी रागावतात. त्याबरोबर लघवीहि दर तासास मोजतात. ग्रंथीचा मागचा भाग दुखावला असला तर शरीरांतील पाणी लोंढ्यासारखें मूत्रावाटें निघून जातें. जागा रोगी तहान लागली म्हणून पाणी मागतो. गुंगींत असलेला मागत नाहीं, आणि त्याचें रक्त आंतल्या आंत आटत जातें. म्हणून उशाशीं पाण्याचें भांडें भरून ठेवलेलें असतें, आणि त्यांतलें किती गेलें तें नाडी व दाब ह्यांच्या शेजारीं त्याच कागदावर लिहिलें जातें.